पहिली शंभर पाने

विज्ञानकादंबरीची शिफारस बहुधा एका इशाऱ्याने सुरू होते: "पहिली शंभर पानं जरा नेटाने वाचा, मग पुस्तक हातातून सुटत नाही." दुसरा कुठलाही माल असा खपवला जात नाही. पहिले चार घास कडू लागतील, पुढची थाळी मात्र झकास आहे, असे सांगणारी खानावळ आठवडाभर टिकायची नाही. मुलगा पहिली चार वर्षे रडवेल पण नंतर संसारी होईल, असे म्हणत स्थळ आणणाऱ्याला कोणी पाण्याचा पेलाही विचारायचे नाही. विज्ञानकथेचा शिफारसकार मात्र हे वाक्य गुणवर्णन म्हणून उच्चारतो. ज्या पुस्तकाची शंभर पाने त्याला स्वतःला सोसावी लागली, त्यावर त्याचा जीव अंमळ जास्तच असतो.

या शंभर पानांना कारण आहे. साध्या कादंबरीत रमेश पावसात भिजत चाळीत शिरला, एवढे लिहिले की काम भागते. पाऊस म्हणजे काय आणि चाळ म्हणजे काय, हे वाचक घरूनच शिकून आलेला असतो. तोच रमेश दुसऱ्या ग्रहावर राहायला गेला की पाऊस कशाचा पडतो, चाळ कशावर तरंगते आणि मुळात रमेशला हात किती, हे सगळे आधी सांगून घ्यावे लागते. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'मध्ये (१९६५) तर सांगण्यासारखे इतके साचले की पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची यादी जोडावी लागली. वाचक एक बोट चालू पानावर आणि दुसरे त्या यादीत ठेवून पुढे सरकतो. संस्कृतचे गाइड घेऊन दहावी पार केलेल्यांना ही बैठक चांगली ओळखीची आहे.

'ड्यून' सुचवणारा माणूस पुस्तकात काय आहे हे क्वचितच सांगतो. ते छापले कसे गेले, हे मात्र हटकून सांगतो. वीसहून अधिक प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवले आणि शेवटी ते छापले चिल्टन या कंपनीने, जी मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखली जायची. हकिकत खरी आहे, छोटी आहे आणि तिचा शेवट गोड आहे. कादंबरीबद्दल यातली निदान शेवटची दोन विधाने करता येत नाहीत, म्हणून शिफारसकार हकिकतीवर भिस्त ठेवतो.

दुसरी अडचण गुपिताची. रहस्यकथेत खुनी शेवटच्या पानावर सापडतो, त्यामुळे त्याच्या अलीकडचे बरेचसे बिनघोर सांगता येते. विज्ञानकथेत गुपित पुष्कळदा कथेच्या मूळ कल्पनेतच असते आणि ती कल्पना सुरुवातीच्या पानांत दडलेली असते. अँडी वीअर यांच्या 'प्रोजेक्ट हेल मेरी'चा (२०२१) नायक एका अनोळखी खोलीत शुद्धीवर येतो. आपण कोण, कुठे आणि कशासाठी, यातले त्याला काही आठवत नाही. जे त्याला आठवत जाते तेच वाचकाला कळत जाते. म्हणजे सुचवणाऱ्याच्या हाती सांगण्याजोगे फार थोडे उरते. ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या काउंटरवर एक निवृत्त इंजिनिअर आपल्याच सोसायटीतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या वहिनींना हे पुस्तक सुचवतात, तेव्हा संवाद असा होतो:

"काय आहे यात?"

"ते सांगण्यात मजा नाही, वहिनी."

"अहो भाऊजी, पण थोडं तरी?"

"एक माणूस असतो."

"बरं."

"तो जागा होतो."

"मग?"

"मग संपलंच. म्हणजे पुस्तक नाही, माझं सांगणं."

काउंटरमागच्या बाई रजिस्टरमधून मान वर न काढता विचारतात, "मग नावावर टाकू का नको?"

पुढे या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या ट्रेलरने ते गुपित काही मिनिटांत चव्हाट्यावर मांडले. चार वर्षे तोंडाला कुलूप लावून बसलेल्या वाचकांना तो दगाफटका वाटला. मुलीचे जमल्याची बातमी घरच्यांनी दाबून ठेवावी आणि ती दूधवाल्याकडून कळावी, तसे काहीसे झाले.

गुपिताची अडचण ओलांडली की समोरून जे उत्तर येते ते महाराष्ट्रात जवळजवळ ठरलेले आहे: "मला सायन्स नव्हतं." दहावीनंतर कॉमर्स किंवा आर्ट्सला गेलेला माणूस चाळीस वर्षांनंतरही हे वाक्य डॉक्टरी सर्टिफिकेटासारखे पुढे करतो. इतिहास नव्हता म्हणून शिवकालीन कादंबरी नको म्हणणारा वाचक कोणी पाहिलेला नाही, आणि खून केलेला नसतानाही लोक रहस्यकथा आवडीने वाचतात. पण विज्ञानकथेच्या दाराशी कोणीतरी मार्कलिस्ट मागणार आहे, अशी एक धास्ती असते. तिच्यावर शिफारसकाराकडे एकच उतारा आहे. तो म्हणतो, "यात सायन्स नाहीच हो, माणसांची गोष्ट आहे." त्याहून मोठी स्तुती करायची झाली तर, "विज्ञानकथा वाटतच नाही."

हा उतारा बारकाईने पाहण्यासारखा आहे. मालवणी माणसाच्या घरी जेवून 'बांगडा आहे असं कळलंसुद्धा नाही' असे सांगितले, तर यजमानाला तो अपमान वाटेल. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी मात्र बांगडा बांगड्यासारखा न लागणे हेच प्रशस्तिपत्र मानून घेतले आहे. समँथा हार्वी यांच्या 'ऑर्बिटल'ला २०२४ चे बुकर पारितोषिक मिळाले, तेव्हा या मंडळींची धांदल उडाली. कादंबरीत अंतराळस्थानकावरचे सहा जण आहेत, एक दिवस आहे आणि त्या चोवीस तासांत पृथ्वीभोवती सोळा प्रदक्षिणा आहेत. ही विज्ञानकथा म्हणावी तर तिच्यातला तपशील आजच्या अंतराळस्थानकांवरही घडतो. नाही म्हणावी, तर आपल्या गल्लीत आलेले बुकर दुसऱ्या गल्लीला द्यावे लागते. शेवटी हा वाद बाजूला ठेवून लोकांनी तिची शिफारस पानांवर केली. १३६ पाने. विज्ञानकादंबऱ्यांच्या बाजारात हा आकडा रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये वेळेवर आलेल्या लोकलसारखा आहे. गाडी कुठे जाते हे न बघता लोक चढतात. वाचून झाल्यावर निम्मे म्हणतात, "काही घडतच नाही." उरलेले निम्मे म्हणतात, "तेच तर!" दोघेही आपल्या ठिकाणी बरोबर आहेत.

लिऊ त्सशिन यांच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'ची गोष्ट वेगळी. येथे शिफारस नावापाशीच अडखळते. मराठीत 'बॉडी' या शब्दाचे दोनच अर्थ घट्ट रुजले आहेत. एक जिममध्ये कमावतात ती, दुसरी पोलिसांना सापडते ती. त्यामुळे वहिनींचा पहिला प्रश्न रास्त असतो: "तिन्ही बॉड्या एकाच ठिकाणी सापडतात का?"

भाऊजी यावर हसतात, पण समजावून सांगण्याची संधी सोडत नाहीत. विज्ञानकथेच्या शिफारसकाराला टेबल आणि त्यावर दोन-चार भांडी एवढे मिळाले की पुरते. वहिनींच्या घरी जेवणाच्या टेबलावर ते कोशिंबिरीची वाटी मध्ये घेतात आणि तिच्याभोवती लिंबाची फोड फिरवतात. दोन वस्तू एकमेकींना ओढतात, तेव्हा त्यांची पुढची चाल न्यूटनच्या नियमांनी नेमकी काढता येते. लिंबू आज इथे आहे तर दहा वर्षांनी कुठे असेल ते सांगता येते. मग ते लोणच्याची बरणी आणून ठेवतात. आता तिघी एकमेकींना ओढतात, आणि सर्व परिस्थितींत चालेल असे एकही सरळ सूत्र गणिताला सापडत नाही. सुरुवातीला बरणी केसभर इकडची तिकडे झाली, तरी पुढे सगळे चित्र पालटते. वहिनी बरणी उचलून पुन्हा फडताळात ठेवतात. "सासूबाई इथे राहायला आल्या तेव्हा हेच झालं होतं," त्या म्हणतात. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाला चार पाने लागतात.

या कादंबरीच्या बाबतीत पहिल्या पानांचा प्रश्न खुद्द प्रकाशकांनाच पडला होता. कथेचे मूळ चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत आहे. २००८ मध्ये चिनी भाषेत पुस्तक निघाले, तेव्हा तो भाग जरा आत, मधल्या प्रकरणांत सरकवला होता. आरंभीच तो ठेवला तर सरकारी नजर तिथेच अडेल, असा हिशेब होता. २०१४ मध्ये केन लिऊ यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि लेखकाच्या संमतीने तो भाग पुन्हा पुढे आणला. एकाच कादंबरीला अशा दोन सुरुवाती आहेत, आणि कुठली शंभर पाने सोसायची हे कुठल्या भाषेत वाचता त्यावर ठरते. पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो पारितोषिक मिळाले. अनुवादित कादंबरीला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर बराक ओबामांनी एका मुलाखतीत ती आवडल्याचे सांगितले, आणि शिफारसकारांचे काम फारच हलके झाले. "ओबामांनी वाचलंय" म्हटले की स्वतःचे मत द्यावे लागत नाही. सुचवणाऱ्याने पुस्तक स्वतः वाचले आहे का, असेही मग कोणी विचारत नाही.

इंजिनिअर मंडळींची शिफारस इतरांपेक्षा वेगळी ओळखू येते, कारण ती चुकीपासून सुरू होते. "पुस्तक उत्तम, पण वादळ चुकलंय." हे वीअर यांच्याच 'द मार्शियन'बद्दल. मंगळावर वादळ येते, त्यात एक अंतराळवीर मागे राहतो आणि कथा सुरू होते. मंगळाच्या वातावरणाची घनता पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का असल्याने तिथला सोसाट्याचा वारा अंगाला झुळकीइतकाच लागेल. यान कलंडवण्याची त्याची टाप नाही. हे लेखकालाही ठाऊक होते आणि त्याने ते कबूल केले आहे. वादळ आले नसते तर नायक इतरांबरोबर घरी गेला असता आणि पुस्तक झाले नसते. इंजिनिअरला हे पटते, तरी तो प्रत्येक वेळी वादळाचा उल्लेख करतो. चूक सापडली याचा अर्थ पुस्तक नीट वाचले, असा त्याचा दाखला असतो. त्यामुळे निर्दोष पुस्तकाची शिफारस करताना तो जरा खट्टूच असतो.

'द मार्शियन'वर या वर्गाचा थोडा हक्कही आहे. वीअर यांनी ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली. शास्त्र जाणणारे वाचक चुका कळवत गेले आणि ते दुरुस्त करत गेले. मोठ्या प्रकाशकाकडून ती २०१४ मध्ये निघाली. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंदाच्या प्रत्येक ओळीला हरकत घेणाऱ्या सभासदाला जे सुख कधीच लाभत नाही, ते या वाचकांना लाभले. त्यांच्या हरकती खरोखर मान्य झाल्या. कादंबरीचा नायक मंगळावर बटाटे लावून जगतो, आणि मराठी घरात या पुस्तकाची ओळख करून द्यायला एवढे पुरते. साबुदाणा आणि दाण्याचे कूट नसताना महिनोन्‌महिने उपास काढणाऱ्या माणसाबद्दल कोणालाही जिव्हाळा वाटतो.

कुठलेही नवे पुस्तक सुचवले की बैठकीतला एक जण म्हणतोच, "हे आपल्याकडे आधीच लिहून झालंय." एरवी असे बोलणाऱ्याकडे पुराणातल्या विमानांचा साठा असतो आणि त्याला चहा देऊन वाटेला लावणे इष्ट. विज्ञानकथेच्या बाबतीत मात्र त्याचे पुष्कळदा खरे असते, कारण तो बहुधा जयंत नारळीकरांबद्दल बोलत असतो. समांतर विश्वाची कादंबरी निघाली की तो 'गंगाधरपंतांचे पानिपत'चे नाव काढतो. इतिहासाचे एक प्राध्यापक, पानिपतावर मराठे जिंकले अशा दुसऱ्याच भारतात जाऊन पोचतात. तिथे आझाद मैदानावर एक व्याख्यान चाललेले असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी. गंगाधरपंत जन्मभर अध्यक्षपदे भूषवत आलेले. त्यांना राहवत नाही, ते जाऊन बसतात. पण त्या जगात लोकांनी अध्यक्षीय भाषण हा प्रकारच बंद केलेला असतो, आणि श्रोते टोमॅटो नि अंड्यांनी आपले मत कळवतात. पानिपत जिंकण्यापेक्षा ही सुधारणा मोठी, असे मानणारा वाचकवर्ग मराठीत आहे.

नारळीकरांच्या नावावर शिफारशीच्या शास्त्रातला एक नेटका प्रयोगही जमा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरे उलटी लावली की जगताप तयार होतात. जगद्विख्यात शास्त्रज्ञाचे नाव बघून परीक्षकांचा हात ढिला पडू नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. आपण वाचलेली पुस्तके लेखकाचे नाव, कोणाचा तरी शेरा आणि मुखपृष्ठावरचा सोनेरी शिक्का काढून कोणाला सुचवता येतील का, ही परीक्षा एकदा द्यायला हरकत नाही. फार थोडी उत्तीर्ण होतील. पुढच्याच वर्षी, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षीय भाषणात या नव्या वळणाच्या लेखनाची दखल घेतली. म्हणजे मराठी विज्ञानकथेची सर्वांत वजनदार शिफारस ज्या प्रकाराची गंगाधरपंतांच्या कथेत थट्टा आहे, त्याच अध्यक्षीय भाषणातून झाली. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, पण प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आले नाही. अध्यक्षाची खुर्ची एकदा कथेत रिकामी राहिली होती, ती अशी प्रत्यक्षातही राहिली.

पन्नाशीच्या पुढचे शिफारसकार याहून मागे जातात आणि भा. रा. भागवतांपाशी थांबतात. ज्यूल व्हर्नची त्यांनी मराठीत आणलेली पुस्तके 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा नावांनी आली. या नावांना वेगळी शिफारस लागत नाही. 'मुक्काम' हा शब्द लागला की शेंडेनक्षत्र पोस्टाच्या पत्त्यावर येते. पोस्ट अमुक, तालुका तमुक एवढे फक्त लिहायचे राहते. मात्र या पिढीची शिफारस पुस्तकाची नसून सुट्टीची असते. मे महिना, माळ्यावरची ट्रंक, फाटके मुखपृष्ठ आणि आंब्याचा वास, यांतले काहीच नातवाला देता येत नाही, म्हणून पुस्तक दिले जाते. नातू दोन पाने चाळतो आणि विचारतो, "आजोबा, चंद्रावर तोफेतून का जातात? रॉकेट नव्हतं?" आजोबा सांगतात की व्हर्नने हे १८६५ मध्ये लिहिले. त्या काळी तोफ ही सर्वांत लांब पल्ला गाठणारी वस्तू होती, आणि इतक्या जोराने उडवल्यावर आतल्यांचा चेंदामेंदा होईल हा हिशेब कथेच्या सोयीसाठी बाजूला ठेवावा लागला. वादळ चुकल्याची परंपरा अशी जुनी आहे.

शिफारस मान्य झाली की पुस्तक उसने जाते. येथून पुढे मराठी सभ्यतेची कसोटी लागते. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. दिलेले पुस्तक देणाऱ्याच्या ओढीतून त्याहून पुष्कळ कमी वेगात सुटते, आणि वेग जितका कमी तितकी सुटका पक्की. आठवड्याने जिन्यात गाठ पडते. "वाचलंत का?" असे थेट विचारणे असभ्य, म्हणून "कसं वाटतंय?" असे विचारतात. "चालू आहे" या उत्तराचा अर्थ उघडलेले नाही. "जरा निवांतपणे वाचायचंय" याचा अर्थ उघडून मिटले. "वेगळंच आहे हो" याचा अर्थ पंचवीस पाने झाली आणि कोण कोणाचा कोण हे अजून कळलेले नाही. खरोखर वाचलेला माणूस यातले काहीच म्हणत नाही. तो जिन्यातच थांबवतो आणि भांडायला लागतो.

पुस्तक परत आले की अनुभवी शिफारसकार मत विचारत बसत नाही, पुस्तक तपासतो. कणा कुठवर मोडला आहे, कोपरे कुठवर दुमडले आहेत, बसचे तिकीट कोणत्या पानात राहिले आहे, यावरून प्रवासाचा अंदाज येतो. वहिनींनी थ्री-बॉडीची प्रत तीन आठवड्यांनी, वर्तमानपत्राचे कव्हर घालून, परत केली. भाऊजींनी ती दिव्याखाली धरून चाळली. पान ११२ पर्यंत ठिकठिकाणी हळदीची बोटे होती, ५४ वर फोडणीचा एक थेंब आणि ९० च्या आसपास बेसनाचा वास. ११२ नंतर मात्र पुस्तक शेवटपर्यंत कोरे करकरीत. याचे दोन अर्थ संभवतात. एक तर वहिनींनी ११२ व्या पानावर वाचन थांबवले. किंवा ११२ व्या पानावर स्वयंपाक थांबवला. पुरावा दोन्ही तर्कांना सारखाच लागू पडतो, आणि सोसायटीत त्या आठवड्यात त्यांच्याकडे डबा सुरू झाल्याची कुणकुण होती. भाऊजींनी दुसरा तर्क ग्राह्य धरला आणि त्याच संध्याकाळी मालिकेचा दुसरा भाग, पाचशे पाने, घेऊन त्यांच्या दाराची बेल वाजवली.